एकही दार अडत नव्हतं

त्या इमारतीत दार अडलं की कुणी दाराला शिव्या घालत नसे. जिन्यात उभं राहून खाली "मिस्त्री!" अशी एक हाक मारायची. तळमजल्यावरच्या दुकानातला रंध्याचा आवाज थांबायचा, जिन्यावर चपला वाजायच्या आणि चहा गाळून होईपर्यंत दार एका बोटानं उघडू लागायचं. मिस्त्री त्याचं काही घेत नसत. "घरचं काम," म्हणायचे.

ते खरंही होतं. इमारतीतली सगळी दारं, खिडक्या आणि तळापासून वरपर्यंत वळत गेलेला जिन्याचा लाकडी कठडा मिस्त्रींच्या सासऱ्यांच्या हातचा होता. सासऱ्यांना सगळे थोरले मिस्त्री म्हणत. त्यांच्याकडे मिस्त्री अगदी कोवळ्या वयात काम शिकायला आले, हात चांगला निघाला आणि म्हाताऱ्यानं आधी आपला रंधा त्यांना दिला, मग मुलगी, म्हणजे काकू. "रंधा देताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "माझ्या वेळेला नाही आलं."

काकूंचा जन्म दुसऱ्या मजल्यावरचा, आज ज्या खोलीत त्यांचा संसार होता तिथलाच. लहानपणी त्या डोळे मिटून, कठड्यावर नुसता तळवा ठेवून खाली उतरत. बाबांनी लाकडाचे सांधे असे मिळवले होते की हाताला कुठं कळत नसे. अजूनही त्या तशाच उतरत. फक्त आता डोळे उघडे ठेवत.

चौकात सगळीकडे काचेच्या उंच इमारती झाल्या होत्या. मधे ही एकच जुनी उरलेली. शेजारच्या जागेत खोल तळघर खणलं गेलं, तिथंही एक काच उभी राहिली आणि मग मालकांच्या मुलांनी विषय काढला. ही पाडायची, नवी बांधायची, सगळ्यांना नव्या जागा. त्याआधी इमारतीची तपासणी झाली आणि भाडेकरूंची सभा पहिल्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासात भरली, कारण खुर्च्या तिथंच होत्या.

तपासणीला आलेली इंजिनिअर मुलगी वयानं लहान होती. तिनं मान खाली घालून सांगितलं, "इमारत मागच्या बाजूला कलते आहे. पाया तिथं खचतोय. थोडं थोडं, पण थांबलेलं नाही."

अध्यक्ष होते तळमजल्यावरचे चष्मेवाले. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. "ताई, खाली दुकानात या. तुमचा नंबर काढून देतो, तिरकं दिसायचं थांबेल."

खसखस पिकली. मग मिस्त्री उठले. पाडापाडीच्या विरोधात सगळ्यात पक्का माणूस तोच होता. तो उठला की अर्धी सभा जिंकल्यासारखी वाटायची. त्यांनी पाण्याचा पेला टेबलाच्या मधोमध ठेवला. पेला तसूभर हलला नाही. मग क्लासचं जड दार करंगळीनं उघडलं आणि करंगळीनंच लावलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"बघा," ते म्हणाले. "अशी असते का कललेली इमारत?"

टाळ्या पडल्या. मुलगी दाराकडे बघत राहिली. "हेच मला कळत नाहीये," ती म्हणाली. "अशा इमारतीत सगळ्यात आधी दारं अडतात. इथं एकही दार अडत नाही. असं कसं?"

"आमचे मिस्त्री आहेत ना!" टायपिंगच्या बाई ओरडल्या. "त्यांच्या राज्यात दाराची काय टाप आहे अडायची?"

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. त्या गडबडीत मुलीनं हळूच मिस्त्रींना विचारलं, "म्हणजे अडतात?"

मिस्त्रींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या सभेला मालकांची मुलं येणार होती, म्हणून चष्मेवाल्यांनी एक शक्कल काढली. थोरल्या मिस्त्रींच्या हातचं एखादं दार काढायचं, घासूनपुसून तेलपाणी करायचं आणि सभेत उभं करायचं. असलं लाकूड, असलं काम बघून पाडायची भाषा करणाऱ्यांची जीभ टाळ्याला चिकटली पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीचं दार मिस्त्रींनी खाली आणलं, दुकानाच्या भिंतीला टेकवलं आणि दोन पावलं मागं सरले.

दार वाकडं दिसत होतं.

त्यांना आधी आपल्याच डोळ्यांचा संशय आला. मग जमिनीचा. शेवटी खिळ्यावरचा गुण्या काढून त्यांनी दाराच्या कोपऱ्याला लावला. काटकोन तपासायचं ते साधं हत्यार, हात शिकला तेव्हापासून सोबतीला. गुण्याच्या आणि लाकडाच्या मधे बोट जाईल एवढी फट. समोरच्या कोपऱ्यात तेवढीच, उलट बाजूनं.

ते वर गेले आणि आणखी एक दार काढून आणलं. मग आणखी एक. एकावर एक आडवी ठेवली. तिन्ही एकाच बाजूला झुकलेली, एका साच्यातून काढावी तशी. वरचा एक कोपरा रंधून रंधून उतरता झालेला आणि जिथं फट पडली तिथं खालून पट्टी मारलेली. पट्टीवर पट्टी, तिच्यावर पट्टी. प्रत्येक पट्टी अशी बेमालूम बसवलेली की नखाला लागू नये. काम कुणाचं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

ते भुशातच बसले. सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. वरचा कोपरा घासतोय, घ्या थोडा. खाली फट दिसतेय, मारा पट्टी. इमारत ढकलत होती आणि ते प्रत्येक दाराला समजावत होते की तूही थोडं वाक, कुणाला कळणार नाही. दार अडलं म्हणजे दाराचं चुकलं, हे थोरल्यांनी शिकवलं होतं. चौकटीला कधी त्यांनी गुण्या लावलाच नव्हता.

मग त्यांना टेबल आठवलं. पहिल्या मजल्यावर जाऊन त्यांनी क्लासच्या टेबलाच्या पायाखालची पाचर काढली. तीही त्यांचीच. वर ठेवलेला पेला आपल्या पायांनी चालल्यासारखा मागच्या भिंतीकडे सरकला.

घरी त्यांनी ताट तसंच पुढं सरकवलं. काकूंनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

"वाकली तर वाकली," काकू म्हणाल्या. "बाबाही म्हातारपणी वाकले होते. त्यांना पाडलं का आपण?"

"अगं, बाबांच्या अंगाखाली माणसं राहत नव्हती."

"मला इथून काढायचं तर आडवी काढा," काकू म्हणाल्या आणि ताट उचलून गेल्या. हे वाक्य त्या नेहमीच म्हणायच्या. त्या दिवशी मात्र मिस्त्रींनी मान वर करून छताकडे बघितलं.

पुढच्या सभेत त्यांनी दार नेलं. घासलेलं नव्हतं, पुसलेलंही नव्हतं. ते उभं करून शेजारी गुण्या धरला आणि जे होतं ते सांगितलं. "त्या दिवशी ताईंनी मला विचारलं होतं. उत्तर आज देतो. अडतात. सगळी अडतात. मी अडू देत नव्हतो."

चष्मेवाल्यांचा चेहरा रागानं लाल झाला. "वा मिस्त्री! मालकांनी नव्या इमारतीत दुकान केवढं कबूल केलंय?"

"शपथेवर सांगतो..."

"शपथा राहू द्या हो. लाकूड आहे, फुगतं. आम्ही काय आज बघतोय?"

"तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" टायपिंगच्या बाईंचा आवाज रडवेला झाला होता. इंजिनिअर मुलगी काही बोलायला उठली, तिला कुणी बोलू दिलं नाही. मालकांच्या मुलांना बोलायची गरजच राहिली नव्हती, त्यांचं म्हणणं मिस्त्रींनीच मांडलं होतं. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा बहुतेक हात इमारत ठेवायच्या बाजूनं गेले. सगळ्यात आधी काकूंचा. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि दारांची देखभाल पूर्वीप्रमाणे मिस्त्रींकडे," चष्मेवाले म्हणाले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आजपासून मी एकाही दाराला हात लावणार नाही."

लोकांना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. थोरल्यांचा रंधा मिस्त्रींनी तेल लावून फडक्यात बांधला. हाका आल्या की ते दुकानाच्या दारात येऊन वर बघत आणि म्हणत, "दार उघडंच ठेवा. आणि जागा बघा कुठंतरी." मग आत जात. काही जण त्यांच्या तोंडावर बोलले. काहींनी बोलणंच टाकलं. काकू घरात भांडी आपटत.

पहिल्या पावसाळी आठवड्यात वरचं एक दार घट्ट बसलं. मग शेजारचं. चष्मेवाल्यांनी दुसरा सुतार आणला. त्यानं कोपरे तासून दिले, टिचकीनं दार उघडून दाखवलं आणि गेला. चारच दिवसांत तीच दारं पुन्हा अडली. तो परत आला, दाराची कड चाचपली आणि रंधा पिशवीतून न काढताच म्हणाला, "आता तासायला लाकूड कुठं आहे? कुलपापर्यंत आलंय." चौकटींच्या वर भिंतीला तिरप्या रेघा उमटल्या. केसासारख्या होत्या, मग दोऱ्यासारख्या झाल्या. उंबरठ्यावर सकाळी बारीक पांढरी पूड पडलेली असायची. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एका दुपारी टायपिंग क्लासचं दार अडलं, आत मुली असताना. त्या दार बडवत होत्या, बाई बाहेरून ढकलत होत्या. मिस्त्री पळत आले. त्यांच्या हातात पहार होती. एका झटक्यात त्यांनी सासऱ्यांच्या हातचं दार फोडलं. मुली बाहेर पडल्या. बाईंनी फुटलेल्या फळीकडे बघितलं, मिस्त्रींच्या हातातल्या पहारीकडे बघितलं आणि खुर्च्या मोजायला लागल्या. त्याच आठवड्यात क्लास हलला. मग वरची बिऱ्हाडं एकेक करून गेली. चष्मेवाले शेवटपर्यंत म्हणत राहिले की पावसामुळं आहे सगळं. एक दिवस त्यांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं आणि तिथंच राहिलं, ना वर ना खाली. दुसऱ्या दिवशी तिथून चष्म्यांची कपाटं बाहेर निघाली.

वर आता फक्त काकू आणि मिस्त्री उरले. काकू हलायला तयार नव्हत्या आणि त्यांना सोडून मिस्त्री जाणार नव्हते. काकूंच्या ओळखीचा एकही आवाज इमारतीत राहिला नव्हता. लाकडाचे तेवढे होते, आणि ते नवीन होते.

त्या सकाळी काकू भाजी घेऊन वर आल्या. दार उघडेना.

"अहो, कडी काढा."

"कडी लावलेलीच नाही. वाऱ्यानं लागलंय," आतून मिस्त्री म्हणाले.

काकूंनी खांदा लावला. दार भिंतीसारखं झालं होतं. "बाबांचा रंधा काढा की. एवढं एकदा."

मिस्त्री म्हणाले, "नाही गं."

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या. भाजीची पिशवी शेजारी. उठताना त्यांनी सवयीनं कठड्यावर तळवा टेकला आणि चटकन मागं घेतला. हाताला काहीतरी चावलं होतं. बाबांनी मिळवलेला सांधा उघडला होता. त्या फटीत त्यांच्या बोटाचं कातडं सापडलं होतं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि फटीकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखतच ती किंचित मोठी झाल्यासारखी वाटली.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "बिजागऱ्या काढा. दार घेऊन जाऊ."

"कुठं लावायचं? दुसऱ्या कुठल्या चौकटीत बसणार नाही ते."

"लावायचं नाही. ठेवायचं."

मिस्त्रींनी आतून स्क्रू काढले, पहार लावून दार ओढून घेतलं. हत्यारांची पेटी खांद्याला अडकवली. काकूंनी एका हातात कपड्यांचं गाठोडं घेतलं. दाराचं पुढचं टोक काकूंनी धरलं, मागचं त्यांनी. दोघं उतरू लागले.

पहिल्याच वळणावर दार भिंत आणि कठडा यांच्या मधे अडकलं. मिस्त्रींनी ते तिरकं केलं, उभं केलं, थोडं उचललं. जाईना. थोरल्या मिस्त्रींनी हेच दार याच जिन्यानं वर नेलं होतं, आणि तेव्हा तर त्याचे चारही कोपरे पुरते होते. आज जिनाच आवळला होता.

त्यांनी काकूंकडे बघितलं. डोक्यावर कुठंतरी लाकूड लांबट आवाजात कण्हलं आणि काकूंच्या खांद्यावर पांढरी पूड पडली.

काकूंनी दाराचं टोक खाली ठेवलं. "राहू द्या ते," त्या म्हणाल्या. "पेटी घ्या. चला."

मिस्त्री दाराखालून वाकून पुढं आले. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं. कठड्याला हात न लावता त्या खाली उतरल्या.