भेंडीत पारखलेली लेगिन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भेंडी तोडली. वैशाखातली दुपार कलली होती. मी मागे टोपली घेऊन आणि बायको पुढे, अंगात माझा जुना फुल बाह्यांचा सदरा आणि खाली नवीकोरी लेगिन. रंग फिका पिवळा, भेंडीच्या फुलासारखा. लुगडं नाही, काही नाही. साठी उलटलेली बाई जन्मात पहिल्यांदा लुगड्याशिवाय शेतात उतरली होती आणि हसत होती. ती हसते म्हणून मी हसत होतो, आणि त्या नादात भेंड्या कमी नि पानंच जास्त तुटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोकावड्याला तिच्या भावाच्या नातवाची हळद होती. तिथे ती हीच लेगिन आणि वरून लांब कुडता घालून जाणार होती, सगळ्या माहेरासमोर. म्हणून आधी ही परीक्षा. भेंडीत जी उसवली नाही, घामाने चिकटली नाही, ती मांडवात दगा देणार नाही, असं तिचं म्हणणं. ती उकिडवी बसायची, उठायची, पाण्याच्या पाटावरून उडी मारायची आणि विचारायची, मागून कशी दिसते. मी म्हणालो, पिवळ्या पायांच्या बगळीसारखी. तिने एक जून भेंडी नेम धरून माझ्या टाळक्यात मारली.

हे लेगिनचं खूळ हौसेतून आलेलं नव्हतं, उकाड्यातून आलेलं होतं. उन्हाळ्यात तिच्या मांड्या घासायच्या. ही गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. घाम येतो, मांडीला मांडी लागते आणि दिवसभराच्या चालण्याने कातडी सोलून निघते. चाळीस वर्षं ती खोबरेल लावून गप्प राहिली. ती पाय फाकून चालते हे मला दिसत होतं. मला वाटायचं गुडघे गेले.

आमची सून शहापूरला कामाला जाते. एकदा सासूच्या पाठीला साबण लावताना तिने मांड्यांवरचे लाल चट्टे बघितले आणि सांगितलं, आई, आतून लेगिन घालत जा. मी ओसरीवरून ऐकलं आणि तिथूनच विरोध केला. आधीच माझे दोन सदरे तिने पळवलेले. भेंडीची लव अंगाला टोचते, म्हणून आमच्याकडे तोडणीला सगळ्याच बायका वरून नवऱ्याचा सदरा चढवतात. मी म्हणालो, सदरे नेलेस, आता विजारपण घाल, मी लुगडं नेसतो.

"नेसा," ती म्हणाली. "तुमचे पाय तसे बरे हायत."

पण ते चट्टे माझ्या डोक्यातून जाईनात. चाळीस वर्षं गुडघे समजत बसलो, तर काही तरी भरपाई करावी म्हणून कुणाला न सांगता मुरबाडच्या बाजारात गेलो. ताडपत्रीवर लेगिनांचा ढीग. मला त्यातलं काय कळतंय? बियाणाच्या पोत्यात हात घालावा तसा एकीत हात घातला. आतून मऊ लव, करडाच्या पोटासारखी. सोललेल्या कातडीला याहून बरं काय असणार, म्हणून काळी उचलली. विकणारी बाई म्हणाली, बाबा, चांगली पारख हाय तुमाला. ती थंडीतली लेगिन आहे हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको ती लुगड्याच्या आत घालून तोडणीला आली. आठ वाजता म्हणाली, मऊ हाय गो बाय. नऊ वाजता बोलायची बंद झाली. दहाला टोपली खाली ठेवली आणि लुगड्यासकट पाटाच्या पाण्यात बसली. मला वाटलं साप चावला. धावत गेलो.

"साप नाय," ती म्हणाली. "तुमी आणलेली गोधडी चावली."

लेगिन पाणी पिऊन अशी जड झाली की तिला उठता येईना. मी हात धरून ओढायला गेलो तर मीच आत. शेजारच्या शेतातल्या बायका तोडणी सोडून बांधावर आल्या आणि दोन म्हातारी माणसं पाटात बसून खिदळतायत हे बघून परत गेल्या. ती काळी लेगिन वाळायला दोन दिवस लागले. पुढे ती शेळीच्या पिल्लांना अंथरली. पिल्लं खूष.

मग सूनच आम्हा दोघांना शहापूरच्या दुकानात घेऊन गेली. तिथे मी शिकलो ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. चकाकतं कापड घ्यायचं नाही, ते घाम पीत नाही. सुती घ्यायचं, पण जरा ताणणारं, नाहीतर गुडघ्यावर पिशव्या येतात. हातावर ताणून उजेडात धरायचं. हात दिसला तर मांडवात पायही दिसतील. कमरेची पट्टी रुंद पाहिजे, बारीक इलास्टिक करदोड्यासारखं रुततं. अंगाला कवळणारी नको, एक माप मोठीच बरी, आणि घोट्याच्या वर संपणारी, म्हणजे खालून वारा शिरतो. वरचा कुडता गुडघ्याखाली जाणारा, पातळ, दोन्ही बाजूंनी चिरलेला. हे सगळं मी सुनेच्या मागे उभा राहून मोठ्याने म्हणून बघत होतो आणि दुकानातल्या मुली तोंडावर ओढणी धरून उभ्या होत्या.

बायको घालून बघायच्या खोलीत गेली ती बाहेर येईना. मी दार वाजवलं. चक्कर आली काय, विचारलं.

"थांबा जरा," ती आतून म्हणाली. "हितं माणसाएवढा आरसा हाय. मला माजे पाय बघू दे."

घरात आमच्याकडे कुंकवापुरता आरसा. तिने स्वतःचे पाय असे समोर उभे कधी बघितलेच नव्हते. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड मुलीसारखं झालेलं. परतीच्या एसटीत ती किन्हवलीपर्यंत पाय पुढे काढून बसली होती. कंडक्टर दोनदा अडखळला.

आतून घालायला आणलेली लेगिन वरून घालायची, हे त्या आरशात ठरलं. मला पटलं नव्हतं. पण खरा अडथळा मी नव्हतो, तिची भावजय होती. तिला कुणाकडून तरी कळलं आणि तिने फोनवर ऐकवलं, म्हातारपणी तंगड्या दाखवत येणार असशील तर मांडवाच्या मागून ये. माझी बायको विंचवाला भ्यायची नाही, भावजयीला भ्यायची. कुडता ट्रंकेत गेला तो दोन दिवस तिथेच. तिसऱ्या दिवशी तिने तो बाहेर काढून झटकला.

"पुढूनच जानार," ती म्हणाली. "तुमी माज्या बाजूला चालाल ना?"

मी हो म्हणालो. त्यानंतर पटण्या-न पटण्याचा प्रश्न उरला नाही. उलट मीच रोज विचारू लागलो, पायात कुठली चप्पल घालणार, केसात काय माळणार. ती म्हणायची, हळद तुमची हाय का पोराची.

तर त्या संध्याकाळी, शेतात, लेगिन पास झाली. कुठे उसवली नाही. मांडीला हात लावून ती म्हणाली, कोरडं हाय. दोनदा म्हणाली. पोटऱ्यांना माती, हिरवे डाग आणि लव मात्र भरली होती. मी म्हणालो, आता उद्या काय घालणार? सकाळी धुते, तासाभरात वाळेल, हळद दुपारची हाय, असं म्हणून तिने ती खुंटीला टांगली. जेवलो. तिने सुनेला कुडत्याला इस्त्री करायला सांगितली आणि अंग टाकलं.

सकाळी उठली नाही. डॉक्टर येऊन काही शब्द सांगून गेला, ते मी लक्षात ठेवले नाहीत.

नऊ वाजता माहेरची माणसं आली, हळद थांबवून आली. आमच्याकडे सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवून तिला काढतात. ते भावजयीच्या हातात होतं. बायका आंघोळ घालायला आत गेल्या. मी खुंटीवरची लेगिन काढली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"हिरवं वरून नेसवा," मी म्हणालो. "आतून ही घाला. तिच्या मांड्या घासतात."

अंगणात भावकी बसलेली. कुणीतरी खाकरलं. एक म्हातारा म्हणाला, ऊन चढतंय, आटपा. सून रडायला लागली. भावजय माझ्याकडे आणि त्या लेगिनकडे बघत राहिली. मी मनात शिवी तयार ठेवली होती. नाही म्हणाली असती तर दिली असती.

तिने पोटरीवरून बोट फिरवलं.

"भावजी, लव हाय हिला," ती म्हणाली. "तशीच घातली तर टोचंल तिला."

बरोबर होतं. मी अंगणातल्या धोंड्यावर बसलो आणि धुतली. मला धुता येत नव्हतं, साबण जास्त झाला. पिळायला गेलो तर एकट्याला पिळवेना. भावजयीने पदर खोचून दुसरा पाय धरला आणि आम्ही दोघांनी उलटसुलट पिळली.

मग मी ऊन होतं तिथे मधोमध उभा राहिलो आणि लेगिन डोक्यावर गरगर फिरवायला लागलो. शिंतोडे भावकीच्या टोप्यांवर उडाले. कुणी बाजूला सरलं नाही. हात भरून आला तेव्हा हात बदलला. मधेच थांबून कमरेची पट्टी गालाला लावून बघायचो, ओली लागायची. पाय कधीच वाळले होते. पट्टी वाळेना. आत बायका थांबल्या होत्या, बाहेर सगळे थांबले होते, आणि मी फिरवत राहिलो.