सुक्या पुरीचा हात

दोह्यात हिवाळ्यात भरणाऱ्या थाई बाजारात एक बाई कच्च्या पपईची कोशिंबीर विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उखळात शेंगदाणे आणि लिंबू कुटता कुटता ती गिऱ्हाइकाकडे रोखून बघायची आणि चेहऱ्यावरून मिरच्या ठरवायची. मी पक्की कोल्हापूरची, तरी मला दोनच! एवढा अपमान आमच्या सासूबाईंनीही केला नव्हता.

पहिल्या दिवशी प्लेट संपली आणि सवयीने माझा हात पुढे गेला, पाणीपुरीनंतर सुक्या पुरीसाठी जातो तसा. लाजून मागे घेणार, तोच तिने तळहातावर चार शेंगदाणे ठेवले. मग दर शुक्रवारी तेच.

शेवटी मी विचारलंच, "हे फुकट का देता?"

मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "तुमची माणसं खाऊन झालं की हात पुढे करतात. आवडलं, असंच सांगता ना तुम्ही?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं जिवावर आलं.

संक्रांतीला तिच्यासाठी तिळाची वडी नेली. तिने डोळे मिटून, चावून चावून खाल्ली. बोटं पुसली आणि अगदी रीतसर माझ्यापुढे हात केला.