मामांचा पटका

शाळा सोडून सोलापुरात गिरणीत लागलो, तेव्हा मामांनी मला आपल्या खोलीत थारा दिला. शिंदी पिणे सोडायची त्यांची शपथ दुकान दिसले की मोडायची. म्हणून गिरणीतून आल्यावर डोक्याचा पटका ते माझ्या हाती देत. "सकाळपातूर देऊ नगंस. शिव्या घातल्या तरी बी." बोडक्या डोक्याने माणूस बाहेर पडे, तो घरात कोणी मेले तरच.

एका संध्याकाळी मामा ओरडले, "दे की रं भाड्या!"

मी पटका पोटाशी धरून उभा. यांनी हाकलले तर जायचे कुठे?

मामा तसेच बोडके बाहेर पडले. शेजारची म्हातारी धास्तावून उठली. "अगं बया! कोन गेलं रं?"

मामा जागीच थांबले. "अजून कुनी न्हाय, मावशे."

आत येऊन मला म्हणाले, "कडी लाव."