सीलबंद डबीतला शेड

आधीच सांगून ठेवते. नजर, करणी, अंगात येणं, बाहेरची बाधा – यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरचे लोकांचे असले अनुभव मी दुपारी क्लायंट नसताना वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. तेव्हा आता मला कोणी हसलं तर तक्रार करायला मला तोंड नाही. फक्त एक लक्षात घ्या, हे लिहिताना मी घाबरलेली नाही. मी चिडलेली आहे. तीन महिने झाले, अजून चिडलेलीच आहे.

मी वंदना. माहेर घणसोली गावातलं, राहते वाशीला. बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा छोटा मेकअप स्टुडिओ आहे. अठरा वर्षं नवऱ्या सजवतेय.

मेकअप करण्याबद्दल सगळे बोलतात, उतरवण्याबद्दल कोणी बोलत नाही. नवरी घरी जाते आणि तोंडाला खोबरेल तेल चोपडते, नाहीतर वाइप्सने घासघासून गाल लाल करते. चार दिवसांनी फोन येतो, "ताई, तुमच्या मेकअपने पुरळ आलं." माझ्या मेकअपने! म्हणून मी ठरवलं, प्रत्येक नवरीला किटबरोबर क्लिन्झिंग बामची एक डबी द्यायची. बाम म्हणजे थिजलेल्या तुपासारखं असतं. कोरड्या चेहऱ्यावर चोळलं की मेकअप विरघळतो, मग पाणी लावलं की ते दुधासारखं होऊन धुऊन निघतं. महागडे बाम उत्तमच असतात, पण ते वाटत बसले तर स्टुडिओ विकावा लागेल. मग ऑनलाइन चार स्वस्तातले मागवले.

पहिला आपल्याकडच्या दमट हवेत डबीतच तेल होऊन बसला. दुसऱ्याला असा वास की देवघरात बसल्यासारखं वाटावं, वर डोळ्यांत झोंबला. तिसऱ्याने वॉटरप्रूफ काजळ झकास काढलं, पण पाण्याने दुधाळ होईना, चेहऱ्यावर चिकट थर तसाच. चौथा बिनवासाचा, मागे लिहिलेले घटकही साधे. तो भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आला. वरचं प्लास्टिकही मी काढलं नाही, तसाच व्हॅनिटी बॅगेत टाकला. म्हटलं, उद्या कार्यक्रम झाला की मयुरीवरच बघू. तिची कातडी नाजूक आहे, तिला चालला तर कोणालाही चालेल.

मयुरी म्हणजे माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. ताई जासईला दिलेली. मयुरी तिकडेच एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरी करते, हुशार आहे, फटकळ आहे आणि सावळी आहे. म्हणजे आमच्या घरात सगळेच आहोत तशी.

आता माझं पाप सांगते. तिचा लग्नाचा बायोडेटा मी टाइप केला होता. 'वर्ण' लिहायची वेळ आली तेव्हा मी 'निमगोरा' लिहिलं. सगळेच लिहितात. आपल्याकडे सावळ्याचा गव्हाळ होतो, गव्हाळाचा निमगोरा, आणि काळी मुलगी तर महाराष्ट्रात जन्मालाच येत नाही, बायोडेटे वाचून बघा! फोटोही मीच काढला, खिडकीच्या उजेडात, मेकअप करून. दोन स्थळं प्रत्यक्ष बघायला आली आणि "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. तिसरं खारघरचं, प्रतीक. त्याला मुलगी आवडली, दोघं चार वेळा भेटली, आणि साखरपुडा ठरला. वाशीतलाच हॉल, दुसरा मजला, वेळ दुपारी चारची.

दोनला मी हॉलच्या मागच्या खोलीत मयुरीला घेऊन बसले. एसी चालू होता, दार आतून लोटलेलं. मी तिच्या रंगाचं फाउंडेशन काढलं तेवढ्यात प्रतीकची आई आत आली. मोत्याचा सेट, पैठणी, आणि आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला साखर व्हावी.

"मॅडम, जरा लाइट ठेवाल ना? म्हणजे… दोन शेड वर. काय आहे, आमच्याकडचे सगळे उजळ. स्टेजवर मिसमॅच दिसतं."

मी म्हटलं, "मी मुलीच्या स्किनलाच मॅच करते. नाहीतर चेहरा राखाडी दिसतो."

"हो, पण बायोडेटावर निमगोरा लिहिलंय ना तुम्ही? आम्ही नातेवाइकांना तसंच सांगितलंय. आता आम्हालाच खोटं पाडणार का?"

हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं. तरी तोंड उघडलंच मी, पण ताईने माझं मनगट धरलं. बाई बाहेर गेल्यावर ती कुजबुजली, "वंदे, तू आता तोंड वाजवू नको. ह्यो तिसरा पोऱ्या हाय. त्या सांगतान तसा कर. पाया परतंय तुझे."

मयुरी आरशातून माझ्याकडे बघत होती. "मावशी, माझाच शेड लाव ना. प्लीज."

मी रील्समध्ये तावातावाने सांगत असते, गोरं करणं म्हणजे मेकअप नव्हे. हजारो बायका ते बघतात. आणि त्या दिवशी मी काय केलं? मूग गिळले. दोन बाटल्यांतून फाउंडेशन घेऊन प्लेटवर एक फिक्कट शेड तयार केला, त्याला गुलाबी दिसू नये म्हणून पिवळा थेंब घातला, थोडं सोनेरी चमकीचं लिक्विड घातलं. तो शेड बाजारात मिळत नाही, तो माझ्या प्लेटवर तयार झाला होता. चेहरा, मान, कान, कोपरापर्यंत हात, सगळीकडे लावला. वर पावडर, वर सेटिंग स्प्रे. हळदीत चार तास नाचून घाम गाळला तरी हलणार नाही असं ते काम. मला तिच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून मी लिपस्टिक लावताना नुसते ओठ बघितले.

चारला तिला चौरंगावर बसवलं. प्रतीकच्या आईने कुंकू लावलं, ओटी भरायला घेतली. मी स्टेजच्या खाली, पाच-सहा फुटांवर उभी होते. फोटोग्राफरने कॅमेऱ्याची स्क्रीन बघितली, पुन्हा बघितली आणि वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही लाइट चेंज केला का?"

मी वर पाहिलं. मयुरीची हनुवटी सावळी होती. तिची स्वतःची. मग बघता बघता गाल, मग कपाळ… वितळल्यासारखं नाही, ओघळ नाही, डाग नाही. नुसता तो फिक्कटपणा निघून जात होता.

आणि आता जे लिहितेय ते मेकअप करणाऱ्या बायकांनी नीट वाचा. ब्लश जागेवर होता. आयशॅडो, काजळ, लिपस्टिक, भुवया, सगळं जसंच्या तसं. फक्त खालचं फाउंडेशन गेलं होतं! वरचा रंग ठेवून खालचा थर काढणारी वस्तू जगात नाही. अठरा वर्षांत मी पाहिलेली नाही, तुम्ही पाहिली असेल तर कळवा. साडीवर, ब्लाउजच्या गळ्यावर, रुमालावर एक ठिपका नव्हता.

ओटीचा नारळ हातात धरलेल्या प्रतीकच्या आईचा चेहरा मात्र मेकअपसकट पांढरा पडला. तिने कशीबशी साखरेचा पुडा आणि त्यांच्याकडची साडी मयुरीच्या हातात कोंबली. रिवाजाप्रमाणे ती साडी नेसायला मुलगी आत जाते, मग अंगठ्या. आम्ही आत आलो, पाठोपाठ त्या बाई. आता गोडवा संपला होता.

"हे काय केलंत? मुद्दाम पुसलंत ना? आमची जिरवायला?"

"मी हात तरी लावला का? तुमच्यासमोर होते ना खाली उभी?"

"मला शिकवू नका! पाच मिनिटांत परत लावा. नाहीतर अंगठ्या होणार नाहीत."

"लाव गो, वंदे, लाव," ताई रडायलाच लागली.

आणि मी लावणार होते. हे मी लपवणार नाही. मी बॅग उघडली. फाउंडेशनच्या बाटल्या काढताना ती चौथी डबी हाताला लागली. धरली तर कोमट. एसीत दोन तास पडलेली बंद बॅग, आतलं बाकी सगळं गार, आणि ही डबी कोणाच्या तरी मुठीतून आल्यासारखी. का कोण जाणे, मी वरचं प्लास्टिक फाडलं, झाकण फिरवलं, खालचा चंदेरी कागद सोलला. तो सोलताना करकरत निघाला, म्हणजे चारी बाजूंनी चिकटलेला होता.

बाम पांढरा असतो. हा पांढरा नव्हता. वरपासून खालपर्यंत फिक्कट बदामी, आणि त्यात सोनेरी चमक. मी बोट बुडवून मनगटावर ओढलं. माझाच शेड. मी प्लेटवर केलेला, पिवळ्या थेंबासकट.

माझ्या हातातली डबी मयुरीने बघितली. तिने बोटाने तो रंग उचलला, आरशात स्वतःच्या गालाजवळ धरला आणि म्हणाली, "हे माझं नाहीये."

मग सरळ दार उघडून बाहेर गेली. त्यांची साडी तशीच हातात. स्टेजपाशी प्रतीक उभा होता, त्याच्यासमोर थांबली. मी मागेच होते, मी ऐकलं.

"प्रतीक, तू मला चार वेळा बघितलंस ना? मेकअप नसताना?"

"हो… म्हणजे अगं, आता सीन नको करू ना. मम्मी म्हणते तर एक दिवस लावून घे. काय जातं?"

एवढंच म्हणाला तो शहाणा. मयुरीने साडी आणि पुडा चौरंगावर ठेवले आणि आईला म्हणाली, "चल, घरी जाऊ." दीडशे माणसं बघत होती. जेवणं वाढायची राहिली होती.

नंतर मी शोध घ्यायचा तेवढा घेतला. माझी एक क्लायंट रबाळ्याला कॉस्मेटिक्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तिला डबी आणि तो सोललेला कागद दाखवला. तिने भिंगातून बघितलं. म्हणाली, सील मशीनचं आहे, एकदाच उघडलंय, तूच उघडलंयस. मग आत हा रंग कसा? तर म्हणे, बॅचमध्ये काहीतरी मिक्स झालं असेल. वा! म्हणजे कुठल्यातरी कारखान्यात मी तो बनवायच्या आधीच माझा शेड मिक्स झाला! त्याच कंपनीच्या आणखी दोन डब्या मागवल्या. पांढऱ्याशुभ्र. बाम चांगला आहे हो, स्वस्तही आहे, काजळ काढतो, पाण्याने धुऊन जातो. मी आता नवऱ्यांना तोच देते.

नातेवाइकांनी आपापला निकाल लावला. ताईच्या मते मीच मुद्दाम काहीतरी भेसळीचं लावलं आणि पोरीचं ठरलेलं मोडलं. ती माझ्याशी बोलत नाही. बाकीच्यांच्या मतेही मीच केलं, फक्त ते मला शाबासकी देतात. माझ्या नणंदेने तर व्हॉट्सअॅपवर लिहिलं, 'वहिनी, हिंमत लागते!' आणि मयुरी गेल्या रविवारी स्टुडिओत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, तू नसतीस तर मी त्या घरात गेले असते."

ते काय होतं, कोणी केलं, त्याला आमच्या मयुरीचा एवढा पुळका का आला, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते मी केलं नाही. ती डबी सापडली तेव्हा माझ्या एका हातात बाटली होती, मी दुसऱ्यांदा लावणार होते. पोरगी गळ्यात पडलेली असताना मला हे तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.