आईनं सभेत विचारलेला प्रश्न
बहात्तरच्या आसपास परभणीच्या सरकारी दवाखान्यात दात फुकट काढून मिळायचे, कवळी मात्र मिळत नव्हती. आईचे समोरचे सगळे दात तिथंच गेले. ती शेतमजूर, विकतची कवळी कुठून आणणार? हसताना ती पदर तोंडावर घ्यायची.

पुढं पिंगळीला निवडणुकीची सभा झाली. आई बायांमधून उठली आणि पदर न घेता उमेदवाराला म्हणाली, “साहेब, दात उपटायला सरकार हाय, मग बसवायला का न्हाई?”

लोक हसले. उमेदवार म्हणाले, “निवडून आलो की बघू, बाई.”

ते निवडून आले. आई कित्येक महिने मला विचारायची, “दवाखान्याचा कागद आला का गं?” कागद आलाच नाही.

आता माझ्या हातात पेन्शन आहे. तिला एकदा दातांच्या डॉक्टरकडं न्यावं, असं फार वाटतं. पण आईच राहिली नाही.