दीनाबाईंनी ऐकलेलं वचन

चूक माझी आहे, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारा समजणार नाही.

मी घाटंजीला राहतो, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे आणि आमच्या छोट्या चर्चच्या कमिटीत आहे. असल्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चर्चमध्ये साक्षीच्या, म्हणजे आपले अनुभव सांगायच्या वेळी कुणी 'मला दर्शन झालं' म्हणत उठलं की मी घड्याळ बघायचो.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मूल नाही. माझ्या बायकोच्या – सुनीताच्या – आग्रहाने आम्ही दत्तक घेण्यासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं. नंबर लागायला चार वर्षं गेली. मधल्या काळात मी चर्चमध्ये उभा राहून बोललोही होतो, की आपण सगळेच देवाची दत्तक लेकरं आहोत. लोकांनी आमेन म्हटलं होतं.

मागच्या फेब्रुवारीत मेसेज आला, माझ्याच मोबाईलवर. मुलगी, सव्वाचार वर्षांची. मी फोटो नीट पाहिला नाही, सरळ मेडिकलचा कागद उघडला. टाळू जन्मतः फाटलेली, ऑपरेशन झालेलं, बोलणं नाकातून. जिनिंगच्या शेडमागे बसून तो कागद मी पाच-सहा वेळा वाचला. ही तोंड उघडेल तेव्हा लोक वळून बघतील... शाळेतली पोरं हिच्यासारखं बोलून दाखवतील... हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास होते. मी ते तसेच जाऊ दिले. सुनीता रोज विचारायची. मी सांगायचो की आपल्यापुढे अजून खूप लोक आहेत.

हे मी कुणालाही बोललो नव्हतो. पास्टरांनाही नाही.

मग उपासकाळ आला, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर प्रार्थना असतात. आमच्या घरची पाळी रविवारी दुपारी चार वाजता होती. सतरंजीवर गोल करून आम्ही अकरा जण बसलो, सगळे मोठे. पद्धत अशी, की प्रार्थनेआधी प्रत्येकाने आळीपाळीने बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं. समोर दीनाबाई होत्या – ऐंशी पार केलेल्या जुन्या नर्स, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेल्या. सुनीताचं वचन झालं. तिच्यानंतर मी. आमच्या दोघांत हातभर जागा होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दीनाबाईंनी हात वर केला.

"थांब बाबू. लेकराचं होऊ दे."

आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. त्या मान हलवत ऐकत होत्या – लहान मुलाचं पाठांतर ऐकताना आपण ऐकतो तसं, स्वतःचे ओठही किंचित हलवत. मग म्हणाल्या, "शाब्बास. नाकात बोलते जराशी, पण एक शब्द सोडला नाही पोरीनं."

पास्टर हसले. म्हणाले, बाई, इथे लेकरू कोणाचंच नाही, उन्हानं कान वाजत असतील तुमचे.

"डोये गेले माह्ये, कान नाही गेले," दीनाबाई आमच्या दोघांच्या दिशेने हात करून म्हणाल्या. "टाळू शिवलेली लेकरं मी सारी नोकरी आयकली. याईच्याच मधात बसून बोलली ते."

कुणी हसलं नाही. सुनीताने हळूच विचारलं, "केवढी वाटली, बाई?"

"चारेक वर्साची."

माझं वचन मला म्हणता आलं नाही.

मी नंतर चौकशी केली. भिंतीपलीकडच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं. आमच्या गल्लीत त्या वयाची मुलगीच नाही. माझ्या मोबाईलला लॉक आहे, आणि दीनाबाईंनी काही वाचलं असण्याचा तर प्रश्नच नाही.

सुनीताने हे देवाचं उत्तर मानलं. चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक शिवायला घेतला. मी जेवायला बसलो की आतून मशीनचा आवाज यायचा आणि मी ताट तसंच ठेवून उठायचो. चोरून पोर्टल उघडलं, पण ती नोंद आता दिसत नाही. देव आहे, यावर माझा अजूनही विश्वास आहे. त्याच्याकडे काही मागायला मात्र मला तोंड राहिलेलं नाही.

ज्या दिवशी सुनीता फ्रॉकला बटणं लावायला बसली, त्या दिवशी मी सगळं सांगितलं. तिने दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मी नाव वाचलंच नव्हतं.

मी सुनीताची माफी मागितली.

"मले कायले मांगता?" ती म्हणाली. "तिले मांगा."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

दीनाबाईंनी काय ऐकलं, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, जे आयकलं ते सांगतलं. ती मुलगी कुणाच्या घरी गेली की अजून वाटच बघते आहे, हे कळायलाही मला मार्ग नाही. ती हे कधी वाचेल असंही नाही. तरी इथे, तुम्हा सगळ्यांसमोर लिहितो –

बेटा, मी तुझं नावसुद्धा वाचलं नाही. लोक हसतील म्हणून भ्यालो आणि तुला घरी आणलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.