भागीरथीमावशीचा मोफत कॉम्प्युटर वर्ग

भागीरथीमावशी आमच्या अंबरनाथच्या शाळेत शिपाई होती. अकरा वर्षं टेंपररी! शाळेच्या भिंतीवरची पालसुद्धा तोवर कायम झाली असेल, पण मावशीचा कागद दरवर्षी हेडसरांच्या टेबलावरून निघायचा आणि वाटेत कुठेतरी झोपायचा. बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीवरची ही बाई. कायम झाले की वाडीवरच्या घराला पत्रे घालीन, एवढंच तिचं मागणं. शहाण्णव साली हेडसर म्हणाले, "दिवाळीला तुझी शिफारस पाठवतो. तोवर काही गडबड नको." शाळेत गडबड कोण करतं, हे मी वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी जूनमध्ये आनंदनगर एमआयडीसीतल्या एका शेठनी शाळेला कॉम्प्युटर दिला. 'गोरगरीब विद्यार्थ्यांसाठी मोफत संगणक शिक्षण' असा हा मोठा फलक लागला. फीत कापली, पेढे वाटले, फोटो काढले. मग त्या कॉम्प्युटरला आम्ही कोपऱ्यातल्या खोलीत कोंडलं. वर हेडसरांच्या सौभाग्यवतींनी शिवलेलं झालरीचं कव्हर, दाराला कुलूप, चपला बाहेर. शुक्रवारी मुलांनी हात मागे बांधून रांगेनं यायचं, बघायचं आणि पुढे सरकायचं. दर्शन मात्र अगदी मोफत होतं.

आणि संगणक शिक्षक कोण? अस्मादिक. गणित शिकवतो, म्हणून. ठाण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यातला दीड दिवस चहा-नाश्त्यात गेला. परत येऊन मी फळ्यावर खडूनं मॉनिटर काढला, कीबोर्ड काढला, बाण मारून नावं लिहिली आणि मुलांकडून घोकून घेतली. बटण कुठे असतं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

ते माहीत होतं मावशीला. मशीन बसवायला उल्हासनगर कॅम्प तीनचा मेकॅनिक आला होता. आम्ही पेढे खाण्यात गुंतलेले, म्हणून त्यानं खोली झाडणाऱ्या मावशीलाच बटण दाखवलं. "मौसी, रोज आधा घंटा चालू रखना. पानी से बचाना. नहीं तो गया समझो."

मावशीला एकदा काम सांगितलं की संपलं. रोज मधल्या सुट्टीत ती कुलूप काढायची आणि ते डबडं चालू करून समोर राखणीला बसायची. एक दिवस पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. तिला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, तिथे इंग्रजीची काय कथा! तिनं व्हरांड्यातून सातवीतल्या तुळशीला हाक मारली. "ये गो पोरी, ह्यो काय इचारतोय बग." तुळशीनं वाचलं, काहीतरी दाबलं आणि चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला.

झालं! दुसऱ्या दिवशी दाराशी दहा पोरं, तिसऱ्या दिवशी तीस. मावशीनं चिंचोके वाटायला सुरुवात केली. हातात चिंचोका असेल त्याची पाळी, रोज चौघांची. घड्याळ तिला कळत नव्हतं, म्हणून शेजारी स्टोव्हवर एक कप चहा ठेवायची. उकळी आली की पोरानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. चार पाळ्या म्हणजे चार कप. दोन हेडसरांना, दोन मला. "भागीरथी किती मान ठेवते हो!" असं म्हणत आम्ही दोघं ते ढोसत होतो.

मला लवकरच सगळं कळलं. मी खिडकीतून पाहिलं होतं. पोरांनी भाताची खाचरं काढली होती, रिक्षा काढल्या होत्या, जीन्स शिवणाऱ्या आईचं मशीन काढलं होतं. एकीनं हेडसरांचं डोकं भोपळ्याएवढं काढलं होतं, आणि फार चूक नव्हतं. मी गप्प बसलो. माझं काम परस्पर होत होतं, मग मला काय पडलंय?

मग आली खंडेनवमी. आमच्या अंबरनाथमध्ये त्या दिवशी लेथ मशीनपासून रिक्षापर्यंत प्रत्येक यंत्राला हार पडतो आणि नारळ फुटतो. मग आमच्याच यंत्रानं काय पाप केलं होतं? हेडसर सोवळ्यात आले. पोरं दाराबाहेर हात जोडून उभी. पूजेचं ताट माझ्या हातात. कीबोर्डवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. हेडसरांनी नारळ उचलला तशी मावशी कळवळून म्हणाली, "सर, नारल भायेर फोडा. त्यो मेकॅनिक बोल्लाय, पानी नको."

"आता तू आम्हाला शिकवणार?" असं म्हणून हेडसरांनी टेबलाच्या कडेवर नारळ हाणला. सगळं पाणी कीबोर्डमध्ये.

दसऱ्यानंतर कॉम्प्युटर नुसता पीं पीं करून थांबायला लागला. तेवढ्यात शेठचा निरोप आला, बुधवारी तीन वाजता मुलांची प्रगती बघायला येतो. हेडसरांना घाम फुटला. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं कीबोर्ड उलटा केला, तशा टेबलावर लाल अक्षता सांडल्या. "अरे साईं, इसको नारियल पिलाया क्या?" त्यानं नवा कीबोर्ड लावला, मशीन सुरू झालं. पण जुना बिघडला कसा, ते शेठना लेखी कळवायचं होतं.

हेडसरांनी लिहिलं, 'शिपाई भागीरथी हिने परवानगीशिवाय यंत्र हाताळल्याने बिघाड झाला. सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली साक्षीदार म्हणून संगणक शिक्षकाची सही हवी होती. "करा हो भोपी," हेडसर म्हणाले. "तुमच्या वरिष्ठ श्रेणीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे." मी केली. अक्षर चांगलं आलं.

मावशी ते पत्र घेऊन माझ्याचकडे आली. "सर, वाचून दावा." मी वाचलं. तिनं पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. मग म्हणाली, "आन् ही खालची सही कुनाची?"

"ऑफिसची," मी म्हटलं. लाज वाटली. तेव्हाही वाटली, आजही वाटते. पण खरं बोलण्याइतकी कधीच वाटली नाही.

खोलीची किल्ली तिनं माझ्या हातात दिली. "रोज चालू करा हां सर, नायतर मरंल," एवढं सांगून ती गेली.

बुधवारी पावणेतीनला मी कुलूप काढलं. दाराशी चार पोरं उभी, हातात जुने चिंचोके. "मावशी कुठाय?" असं त्यांनी विचारलं, मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुळशीला म्हटलं, "बस. शेठना दाखवायला काहीतरी छान काढ." तिनं बटण दाबलं आणि खाली मान घालून पंधरा मिनिटं चित्र काढलं.

टेबल होतं. नारळ होता. नारळ धरलेला, भोपळ्याएवढ्या डोक्याचा माणूस होता. दाराशी हात पुढे करून थांबवणारी मावशी होती. आणि मध्ये ताट धरून एकजण उभा होता, त्याला तिनं तोंड काढलं नव्हतं.

"सर, हे तुम्ही," तुळशी म्हणाली.

फाटकाशी शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी माउस धरला, इकडेतिकडे फिरवला. चित्र जाईना. शेवटी मला तुळशीलाच विचारावं लागलं, पुसायचं कसं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुठे दाबायचं ते दाखवलं.

माझं कॉम्प्युटरचं शिक्षण तेवढंच झालं. तेही मोफत.